शिकाऱ्याच्या कमरेची सुरी : धार, म्यान आणि जबाबदारी

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर थाळनेर आहे. पडका किल्ला आणि फारुकी घराण्यातील राज्यकर्त्यांच्या कबरी एवढेच आज तेथे उरले आहे. पण खानदेशच्या स्वतंत्र राज्याचा आरंभ याच गावातून झाला. त्या आरंभाची जी कथा फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवली आहे ती शिकारीची आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक गुजरातच्या रानात शिकार करताना आपल्या लोकांपासून दुरावला. भुकेने व्याकूळ होऊन तो एका झाडाखाली बसला असता, काही कुत्रे बरोबर घेऊन शिकारीस निघालेला एक स्वार त्याला भेटला. त्या स्वाराने स्वतःजवळ जे होते ते सुलतानापुढे ठेवले. तो स्वार म्हणजे मलिक राजा. पुढे 1370 च्या सुमारास त्याला थाळनेरचा मुलूख जहागीर मिळाला आणि तोच फारुकी घराण्याचा मूळ पुरुष ठरला.

इतिहास म्हणून या कथेचे मोल ठरविणे इतिहासकारांचे काम आहे. आपल्यासाठी तिच्यातील एक साधी गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रानात फिरणाऱ्या माणसाच्या मुखात पडणारा घास हलाल ठरतो की हराम, हे त्याच्या कुत्र्यावर किंवा बाणावर जितके अवलंबून असते तितकेच त्याच्या कमरेला असलेल्या एका लहानशा सुरीवर अवलंबून असते. ती सुरी जवळ असणे, तिला धार असणे आणि ती वेळेवर म्यानातून बाहेर येणे, या तीन गोष्टींची आपल्या फकीहांनी इतक्या बारकाईने चर्चा केली आहे की आजच्या वाचकाला त्याचे आश्चर्य वाटावे. प्रस्तुत लेखात त्या चर्चेचा अभ्यास करावयाचा आहे. खानदेशात आज शिकार कायद्याने बंद आहे. तरीही हा विषय कालबाह्य का झालेला नाही, हेही शेवटी पाहू.

शिकार आणि जबह : दोन वाटा

पवित्र कुरआनातील सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांनी धरून ठेवलेली शिकार वैध ठरवली आहे आणि तिच्यावर अल्लाहचे नाव घेण्याची आज्ञा दिली आहे. या आयतीच्या आधारे फकीहांनी प्राणी हलाल करण्याच्या दोन वाटा सांगितल्या. पहिली ‘जबह इख्तियारी’. प्राणी आपल्या ताब्यात असतो. अशा वेळी गळ्यावर सुरी चालवून ठरावीक नळ्या कापणे आवश्यक असते. हनफी मताप्रमाणे श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अशा या चार नळ्या आहेत; त्यांपैकी कोणत्याही तीन कापल्या गेल्या तरी इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते जबह पूर्ण होते. दुसरी वाट ‘जबह इज्तिरारी’, म्हणजे नाइलाजाची. प्राणी रानातला आहे, पळतो आहे, हाती येत नाही. अशा वेळी अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या धारदार शस्त्राने किंवा शिकवलेल्या कुत्र्याने त्याला कोठेही जखम होऊन तो मेला तरी तो हलाल ठरतो.

या दोन वाटांमधील सीमारेषा नीट समजून घेतली पाहिजे, कारण सुरीचा सारा प्रश्न याच रेषेवर उभा आहे. दुसऱ्या वाटेची सवलत प्राणी हाताबाहेर असेपर्यंतच टिकते. शिकारी धावत जाऊन पोहोचला, प्राणी जखमी आहे परंतु जिवंत आहे आणि हाती आला आहे, तर त्या क्षणी सवलत संपते आणि पहिली वाट लागू होते. आता गळ्यावर सुरी चाललीच पाहिजे.

हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे तय्य कबिल्याचे, प्रसिद्ध दानशूर हातिम ताई याचे पुत्र. शिकारीविषयी त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहेत. त्या शिकवणुकीचा आशय असा : कुत्रा सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे. शिकार जिवंत हाती आली तर तिला जबह करावे. कुत्र्याने मारली असेल व स्वतः तिच्यातील काही खाल्ले नसेल तर ती खावी. त्याने खाल्ले असेल तर खाऊ नये, कारण मग त्याने ती स्वतःसाठी पकडलेली असते. शिकारीपाशी दुसराच एखादा कुत्रा आढळला तरीही खाऊ नये, कारण नाव आपल्या कुत्र्यावर घेतलेले असते, परक्यावर नव्हे. शिकार पाण्यात पडून मेलेली सापडली तरीही ती सोडून द्यावी.

हजरत अबू सअलबा खुशनी (रजि.) यांनी न शिकवलेल्या कुत्र्याविषयी विचारले असता, अशा कुत्र्याने पकडलेला प्राणी जिवंत मिळून जबह करता आला तर खावा, असे मार्गदर्शन मिळाले. म्हणजे कुत्र्यातील उणीव सुरीने भरून निघते. सुरीतील उणीव मात्र कशानेच भरून निघत नाही.

म्यानात अडकलेली सुरी

आता प्रश्न असा की, शिकारी पोहोचला, प्राणी जिवंत आहे, पण जबह होण्यापूर्वीच तो मेला, तर काय?

हनफी पंथाच्या प्रसिद्ध मताप्रमाणे, प्राणी जिवंत हाती आला आणि जबह न करता मेला तर तो खाता येत नाही. ‘हिदाया’ या ग्रंथात याची चर्चा आहे. तेथे इमामांकडून आलेल्या एका वेगळ्या रिवायतीचाही उल्लेख सापडतो; परंतु पंथाचे प्रकट मत सावधगिरीचेच आहे. खानदेशातील बहुसंख्य मुस्लिम हनफी असल्याने हे मत आपल्या अधिक परिचयाचे आहे.

कोकणातील मुस्लिम बांधव शाफई पंथाचे आहेत. त्या पंथात इमाम नववी (रह.) यांच्या ‘मिन्हाज’ या संक्षिप्त ग्रंथात हा प्रश्न मोठ्या मार्मिकपणे मांडला आहे. शिकाऱ्याने घाई केली, सुरी काढली, पण वेळच इतका थोडा होता की गळ्यापर्यंत हात जाण्यापूर्वी प्राणी मेला, तर तो हलाल आहे. कारण शिकाऱ्याकडून काही कसूर झाली नाही. परंतु कसुरीमुळे प्राणी मेला तर तो हराम आहे. कसुरीची उदाहरणे म्हणून तीन गोष्टी दिल्या आहेत : त्याच्याजवळ सुरीच नव्हती, सुरी कोणी हिसकावून घेतली, किंवा ती म्यानात अडकून राहिली.

हे तिसरे उदाहरण किती बोलके आहे! सुरी आहे, धारदार आहे, कमरेलाच आहे. पण म्यान घट्ट असल्याने ती निघत नाही. तेवढ्या अवधीत प्राण्याचा प्राण जातो आणि अन्न हराम होते. पुढील भाष्यकारांनी याचाही खुलासा केला आहे. म्यान नेहमीच्या पद्धतीचे होते, सुरी त्यातून सहज निघत असे, आणि ऐनवेळी काही आकस्मिक कारणाने ती अडकली, तर तो कसूर मानू नये, असे त्यांच्यापैकी काहींनी म्हटले आहे. म्हणजे दोष अडकण्याचा नाही. मुळात अडकेल असे म्यान बाळगण्याचा आहे. माणसाची जबाबदारी प्रसंग येतो तेव्हा सुरू होत नाही, ती घरून निघताना कंबर बांधतो तेव्हाच सुरू झालेली असते.

बंदुकीच्या शिकारीने हा प्रश्न अधिकच तीव्र केला. हजरत अदी (रजि.) यांच्याच हदीसमध्ये ‘मिअराज’ नावाच्या जड, बिनपिसांच्या बाणाचा उल्लेख आहे. तो धारेच्या बाजूने लागून जखम करील तर शिकार खावी. आडवा लागून केवळ आघाताने मारील तर ती खाऊ नये, कारण ती आघाताने मेलेल्या प्राण्यात मोडते. या तत्त्वावरून अल्लामा इब्न आबिदीन (रह.) यांच्यासारख्या हनफी विद्वानांनी बंदुकीच्या गोळीने मेलेली शिकार अवैध मानली, गोळी धारेने कापत नाही, जोराने व दाहाने मारते, असे त्यांचे म्हणणे. इमाम शौकानी (रह.) यांच्यासारख्या काहींनी गोळी शरीर भेदते म्हणून ती शिकार वैध ठरवली. मतभेद विद्वानांचा आहे आणि तो आदराने वाचावा. पण व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, हनफी शिकाऱ्याची बंदूक कितीही चांगली असली तरी त्याचा घास अखेर त्याच्या सुरीवरच अवलंबून असे.

‘आमच्याजवळ सुऱ्या नाहीत’

या विषयातील सर्वांत उद्बोधक हदीस हजरत राफेअ बिन खदीज (रजि.) यांची आहे. तिहामा प्रदेशातील जुल-हुलैफा या ठिकाणी मुस्लिमांचा पडाव होता. लोक भुकेले होते. युद्धात मिळालेले उंट व बकऱ्या हाती आल्या होत्या. वाटणी होण्यापूर्वीच काहींनी घाईने जनावरे कापून भांडी चुलीवर चढवली. प्रेषित (स.) मागून आले आणि त्यांच्या आज्ञेवरून ती भांडी उपडी करण्यात आली. मग रीतसर वाटणी झाली. इतक्यात एक उंट उधळला. लोक त्याच्या मागे धावून थकले. शेवटी एकाने बाण मारून त्याला थांबवले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, या पाळीव जनावरांतही रानटी जनावरांसारखी उधळणारी असतात, ती अशी हाताबाहेर गेली तर त्यांच्याशी असेच करावे.

यानंतर हजरत राफेअ (रजि.) यांनी अडचण मांडली : उद्या शत्रूशी गाठ पडेल आणि आमच्याजवळ सुऱ्या नाहीत. उत्तराचा आशय असा होता की, जे रक्त वाहते करील आणि ज्यावर अल्लाहचे नाव घेतले जाईल ते खावे. मात्र दात आणि नख वापरू नये, कारण दात हे हाड आहे आणि नख ही हबशांची सुरी आहे.

एकाच प्रसंगात तीन धडे आहेत. भूक खरी असली तरी ती नियम मोडण्याचा परवाना होत नाही. चुलीवरचे भांडेही उपडे करावे लागते. अडचण खरी असेल तर शरीअत वाट देते. उधळलेल्या उंटासाठी नियम वेगळा होतो. आणि साधन नसेल तर साधनाचे नाव महत्त्वाचे नसून त्याचे कार्य महत्त्वाचे आहे. रक्त वाहून गेले पाहिजे.

याची साक्ष देणारा दुसरा प्रसंग मदीनेजवळील सलअ या डोंगराचा आहे. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांच्या बकऱ्या तेथे चरत होत्या. राखण करणाऱ्या दासीला एक बकरी मरणपंथाला लागलेली दिसली. तिने दगड फोडला आणि त्याच्या धारदार कपरीने बकरी जबह केली. हजरत कअब (रजि.) यांनी घरच्यांना प्रेषितांना (स.) विचारल्याखेरीज ते मांस खाऊ नका असे सांगितले. विचारल्यावर परवानगी मिळाली. एका दासीच्या प्रसंगावधानाने, एका दगडाच्या कपरीने, एक बकरी हराम होण्यापासून वाचली. स्त्रीने केलेले जबह वैध आहे, हा निष्कर्षही विद्वानांनी याच घटनेवरून काढला.

आपल्या भागातील मेंढपाळाला आणि शेतकऱ्याला हे प्रसंग परके वाटणार नाहीत. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरी खोल आहेत. एखादी बकरी विहिरीत पडली, वर काढता येईना आणि गळ्यापर्यंत हात पोहोचेना, तर उधळलेल्या उंटाचाच नियम लागू होतो : अल्लाहचे नाव घेऊन धारदार शस्त्राने जेथे शक्य असेल तेथे जखम करावी. पण ती त्या जखमेने मरावी, पाण्यात बुडून नव्हे. मृत्यूचे कारण पाणी ठरले तर ती मृत जनावरातच गणली जाईल. अशा वेळी शंका असेल तर न खाणेच ईशपरायणतेला धरून आहे.

सुरी कशी असावी, कशी बाळगावी

फिकहच्या या तत्त्वांवरून सुरी बाळगण्याची एक रीत आपोआप तयार होते, आणि ती अनुभवी शिकाऱ्यांच्या व मेंढपाळांच्या शहाणपणाशी तंतोतंत जुळते.

पहिली गोष्ट जागा. सुरी अंगावर असावी, सामानात नव्हे. पिशवीच्या तळाशी शिदोरीखाली ठेवलेली सुरी वेळेवर हाती येत नाही. फकीहांच्या भाषेत ती जवळ नसल्यासारखीच आहे. कमरेच्या पट्ट्याला, ज्या हाताने काम करतो त्या बाजूला, किंचित मागे ती असावी. पोटासमोर किंवा जांघेवर टोक येईल अशी बांधू नये. ओढ्यात पाय घसरला किंवा माणूस एकदम खाली बसला तर ती स्वतःलाच लागते.

दुसरी गोष्ट म्यान. ते इतके सैल नसावे की धावताना सुरी गळून पडेल, आणि इतके घट्ट नसावे की एका हाताने ती निघणार नाही. कातडी म्यान पावसाने फुगते आणि सुरी धरून ठेवते. ओल राहिल्याने पात्याला गंजही चढतो. म्हणून पावसाळ्यात घरी आल्यावर सुरी बाहेर काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी आणि म्यान वेगळे वाळवावे. निघण्यापूर्वी एकदा सुरी काढून परत घालून पाहावी. इमाम नववींच्या त्या एका वाक्याचा हा रोजचा अर्थ आहे.

तिसरी गोष्ट पाते. मिटवण्याचा चाकू खिशात मावतो, पण जबहसाठी तो सोयीचा नाही. त्याच्या सांध्यात रक्त व केस अडकतात, आणि जोर दिल्यावर तो हातावरच मिटण्याची भीती असते. एकसंध, पक्क्या मुठीची सुरी चांगली. पाते मानेच्या रुंदीपेक्षा पुरेसे लांब असावे, म्हणजे दाबून रेटावे न लागता ओढीने कापता येते. त्याला दाते किंवा खाचा नसाव्यात. खाच पडलेली धार कापत नाही, फाडते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट धार. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसचा आशय सर्वांना परिचित आहे : अल्लाहने प्रत्येक गोष्टीत उत्तम वर्तन अनिवार्य केले आहे, जबह करायचे तर चांगल्या रीतीने करावे, आपली सुरी धारदार करावी आणि प्राण्याला आराम द्यावा. येथे ‘एहसान’ या शब्दाचे उदाहरण म्हणून सुरीच्या धारेची निवड व्हावी, ही बाब मनावर बिंबवण्याजोगी आहे. ज्याच्यावर आपला पूर्ण ताबा आहे, जो बोलू शकत नाही, ज्याची तक्रार कोणी ऐकणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावर आपल्या एहसानची परीक्षा होते.

परंतु धार लावण्याचीही वेळ असते. एका माणसाने बकरीला आडवे पाडून तिच्यासमोर सुरी परजायला सुरुवात केली, तेव्हा तू हिला दोनदा मारू इच्छितोस काय, अशा आशयाचा प्रश्न प्रेषितांनी (स.) केला, अशी रिवायत आहे. सुरी जनावरांच्या नजरेआड ठेवावी, अशीही शिकवण हदीसमध्ये आली आहे. तात्पर्य, धार घरी लावावी, सुरी म्यानात झाकून न्यावी आणि ऐन क्षणीच बाहेर काढावी. म्यान केवळ आपल्या बोटांच्या रक्षणासाठी नाही; ते प्राण्याच्या डोळ्यांवरील पडदाही आहे.

माणसांमध्ये शस्त्र बाळगण्याचे शिष्टाचार

प्राण्याविषयी इतकी काळजी घेणारा धर्म माणसाविषयी किती घेईल! मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, म्हणजे कोणा मुस्लिमाला ओरखडाही उठणार नाही, असा आदेश बुखारी व मुस्लिममध्ये आहे. नंगी तलवार एकमेकांच्या हाती देण्यास मनाई आली आहे. म्यानात घालून द्यावी. आपल्या भावाकडे शस्त्राने इशारा करण्यास, थट्टेनेसुद्धा, कडक मनाई आहे. सैतान हात घसरवील आणि माणूस नरकाच्या खाईत पडेल, असा इशारा तेथे दिला आहे.

ईदुल-अजहाच्या सकाळी आपल्या मोहल्ल्यांतून ज्या पद्धतीने उघडे सुरे हाती घेऊन तरुण फिरताना दिसतात, ते या शिकवणुकीच्या कसोटीवर उतरत नाही. मुलांच्या हाती सुरा देऊन छायाचित्रे काढणे, ती सर्वत्र पसरवणे, एका जनावरासमोर दुसरे कापणे, हे सुन्नतच्या नावाखाली सुन्नतच्या विरुद्ध वर्तन आहे. सुरी कापडात किंवा म्यानात गुंडाळून न्यावी, देताना मूठ पुढे करावी, काम संपताच धुऊन लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.

देशाचा कायदाही येथे लक्षात घेतला पाहिजे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांच्या वर्गात धरल्या आहेत. घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. शिवाय 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37 व्या कलमाखाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांत सुरे-चाकू घेऊन फिरण्यास बंदी असते. सणासुदीच्या दिवसांत असे आदेश निघतात. ते माहीत करून घेणे आणि पाळणे यात शहाणपणही आहे आणि समाजाची सुरक्षितताही.

हाताशी आलेली शिकार आणि थांबलेला हात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत आपले तडवी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. रान त्यांच्या घराच्या उंबऱ्याशी आहे. कधी काळी शिकार हा त्यांच्यासह सर्व वनवासी समाजांच्या जीवनाचा भाग होता. 1825 मध्ये ज्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी करण्यास आरंभ केला, तो इंग्रज अधिकारी आऊट्राम याचीही ख्याती वाघांचा शिकारी म्हणूनच होती. राजांपासून रंकांपर्यंत साऱ्यांनी रान इतके ओरबाडले की, ते वाचवण्यासाठी कायदा करावा लागला.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी आज वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. वाघ-बिबट्याच नव्हे, मोर, ससा, तितर यांनाही संरक्षण आहे. यावल अभयारण्य आणि शिरपूरकडील अनेर धरण अभयारण्य ही तर खास राखलेली क्षेत्रे. अभयारण्यातील शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

काहींच्या मनात प्रश्न येतो : अल्लाहने जे हलाल केले ते सरकारच्या कायद्याने कसे टाळावे? याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ज्या सूरह अल-माइदाने शिकार वैध केली, तिचा आरंभच करार पाळण्याच्या आज्ञेने होतो. ज्या देशात आपण नागरिक म्हणून राहतो त्याचे कायदे पाळण्याचे वचन आपण दिलेले आहे. एखादी गोष्ट वैध असणे म्हणजे ती करणे अनिवार्य असणे नव्हे. शिकार ही मुबाह आहे, फर्ज नाही. सार्वजनिक हितासाठी मुबाह गोष्टीवर आलेले बंधन पाळल्याने धर्माचा कोणताही आदेश मोडत नाही. उलट, विनाकारण चिमणी मारणाऱ्याविरुद्ध ती चिमणी कयामतच्या दिवशी फिर्याद करील, अशा आशयाची हदीस आहे. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास सक्त मनाई आहे. आणि शिकारीच्या मागे लागलेला माणूस गाफील होतो, असाही इशारा आहे. पोट भरण्यासाठी घरी शेळी, कोंबडी आणि तापी-गिरणेची मासळी असताना केवळ छंदापायी रानातील जीव घेणे या शिकवणुकीत कोठे बसते?

याच सूरहच्या 94 व्या आयतीत एक परीक्षा सांगितली आहे. इहरामच्या स्थितीत असलेल्या श्रद्धावंतांची परीक्षा अशा शिकारीने घेतली जाईल, जी त्यांच्या हातांच्या व भाल्यांच्या टप्प्यात असेल. हेतू हा की, न पाहता अल्लाहचे भय कोण बाळगतो हे उघड व्हावे. इहरामचा हुकूम वेगळा आहे आणि त्याची गल्लत येथे करू नये. पण परीक्षेचे स्वरूप विचार करण्यासारखे आहे. शिकार दूर असती तर परीक्षाच नव्हती. ती हाताशी आहे, हत्यार जवळ आहे, पाहणारा कोणी नाही, आणि तरीही हात थांबतो; यालाच तकवा म्हणतात. बनी इस्राईलच्या किनाऱ्यावरील वस्तीची परीक्षा शनिवारी वर येणाऱ्या माशांनी झाली होती. ते पळवाट काढून हरले.

हिवाळ्याच्या पहाटे केळीच्या बागेत पाणी भरायला गेलेल्या शेतकऱ्यासमोर ससा येऊन थबकतो. कमरेला विळा आहे, हाताशी कुत्रा आहे, वनरक्षक कोसभर दूर आहे. त्या क्षणी त्याच्यासमोर जी परीक्षा असते, तिचा निकाल कोणत्याही न्यायालयात लागत नाही.

सारांश

या अभ्यासातून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. प्राणी हाताबाहेर असेपर्यंतच शिकारीची सवलत आहे; जिवंत हाती येताच जबह आवश्यक आहे.

2. साधन जवळ नसणे किंवा वेळेवर न निघणे ही माणसाची कसूर ठरू शकते. म्हणून तयारी आधी करावी.

3. सुरी धारदार, अंगावर, सहज निघणाऱ्या म्यानात आणि प्राण्याच्या नजरेआड असावी.

4. माणसांमध्ये ती झाकून न्यावी, मूठ पुढे करून द्यावी, तिच्याशी थट्टा करू नये.

5. ज्या जनावरांच्या शिकारीस किंवा कत्तलीस कायद्याने बंदी आहे, त्यांच्यावर ती उगारू नये.

सुरी हे एक लहानसे अवजार आहे. पण तिच्या पात्यावर दया आणि निर्दयता, हलाल आणि हराम, आज्ञापालन आणि उल्लंघन यांची सीमारेषा आहे. जो ती काढण्याची वेळ जाणतो आणि म्यानात ठेवण्याचीही वेळ जाणतो, तोच ती बाळगण्यास पात्र आहे. अल्लाह आपल्या हातांना न्याय, अंतःकरणांना दया आणि एकांतातही त्याचे भय प्रदान करो. आमीन.